पायाखालचा आतिश-फिशां

ज्वालामुखी म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. टोकदार डोंगर, माथ्यावर बर्फाची टोपी आणि तोंडातून निघणारा धूर. हे चित्र खोटे नाही. जपानचा फुजी तसाच दिसतो. रशियातला 5642 मीटर उंचीचा एल्ब्रुस तर हिमनद्यांनी झाकलेला ज्वालामुखीच आहे. हौशी लोक पायांना लांब पट्ट्या बांधून त्याचा बर्फ चढतात आणि त्याच पट्ट्यांवरून घसरत खाली येतात. आठवीच्या वर्गात आम्ही हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, हमारे इधर किधर है आतिश-फिशां?"

उर्दूत ज्वालामुखीला आतिश-फिशां म्हणतात, म्हणजे आग उधळणारा. प्रश्न साधा होता, पण आम्हाला तो लागला. उर्दू माध्यमात शिकणाऱ्या आमच्या मुलांना लहानपणापासून एक सवय जडते. पुस्तकातले सारे दुसरीकडचे असते. भाषा लखनौ-दिल्लीची, बाग इराणची, डोंगर जपानचा. मग बाहेर कोणी विचारतो, "तुम्ही मूळचे कुठले?" आणि नांदेडात चार पिढ्या गेलेले पोर गोंधळून जाते.

आम्ही त्याला म्हणालो, "बेटा, तू त्याच्यावरच बसलास." आणि हिवाळ्यात एक दिवस ठरवला. एस.टी.ची सहलीची गाडी, चाळीस पोरे, घरोघरची रोटी-आमलेटची शिदोरी. फजरनंतर नांदेड सोडले. लोहा, अहमदपूर, लातूर, औसा आणि किल्लारी असा ज्वालामुखीवरचा आमचा प्रवास सुरू झाला.

या ज्वालामुखीला शिखर नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पाण्यासारखा पसरत गेला. थिजला, त्यावर पुन्हा पसरला. असे थरावर थर बसून दख्खनचे पठार झाले. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर जमीन या खडकाची आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दीड-दोन हजार मीटर भरते, पूर्वेकडे ती कमी होत जाते. आपले डोंगर दुरून पायऱ्यांसारखे दिसतात ते या थरांमुळे. म्हणूनच शास्त्रज्ञ या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात. स्वीडिश भाषेत त्याचा अर्थ जिना.

अहमदपूरच्या अलीकडे, रस्त्यासाठी कापलेल्या एका टेकडीपाशी गाडी थांबवली. वर काळा खडक, खाली काळा खडक आणि मध्ये विटेसारखा लाल पट्टा. आम्ही सांगितले, खालचा लाव्हा थंड झाल्यावर बराच काळ आग थांबली होती. ऊनपावसाने खडक झिजला, माती झाली. मग वरून दुसरा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. पोरांनी त्या लाल पट्ट्यावर बोटे फिरवली. एकाला पांढरी चकाकणारी गारगोटी सापडली. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळीत पाण्यातून खनिजे साचून असे स्फटिक तयार होतात, हे कळल्यावर सगळे टेकडीवर तुटून पडले.

आमच्यासोबत शाळेचे शिपाई होते. आम्ही त्यांना हाजी चाचा म्हणतो. काळा दगड हातात तोलत ते म्हणाले, "मदिना शरीफ के बाजू के पत्थर बी ऐसेच काले हैं, सर." चाचांचे म्हणणे खरे आहे. मदिनेच्या दोन बाजूंना लाव्ह्याची काळी मैदाने आहेत. अरबीत त्यांना हर्रा म्हणतात. इ.स. 1256 मध्ये तिथे जमीन फाटली, 52 दिवस आग चालली आणि सुमारे 23 किलोमीटर लांब लाव्हा वाहिला. चाचा कितीतरी वेळ तो दगड हातात घेऊन बसले होते.

लातूर आले तेव्हा पाण्याची गोष्ट निघाली. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने या शहराला पाणी आणावे लागले होते. पाऊस कमी होता, ऊसही होताच, पण त्यात या खडकाचाही वाटा आहे. एकसंध काळा कातळ पाणी पीत नाही. पाणी राहते ते भेगांत आणि वरच्या मुरमात. म्हणून एका बोअरला पाणी लागते आणि दहा पावलांवरची कोरडी जाते. पण हाच कातळ झिजून काळी माती होते, आणि आपली तूर, कापूस, सोयाबीन त्याच मातीत येतात.

औशाच्या किल्ल्याचा काळा तट पाहून आम्ही दुपारी किल्लारीला पोहोचलो. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटे. अनंत चतुर्दशीचे गणपती बुडवून लोक झोपले होते. भूकंपाने सुमारे दहा हजार माणसे गेली. जाड दगडी भिंती, त्या मातीत रचलेल्या, आणि वर मातीचे जड माळवद. ज्या दगडाने पिढ्यान्‌पिढ्या आसरा दिला तोच अंगावर आला.

"सर, आतिश-फिशां फिर आयेगा क्या?" एकीने भीत भीत विचारले. आम्ही सांगितले, किल्लारीचा भूकंप ज्वालामुखीचा नव्हता. भारताची भूमी उत्तरेला आशियाला रेटते आहे, त्या दाबाने खोलवरची जुनी भेग सरकली. ज्या आगीने आपली जमीन घडवली ती, अनेक शास्त्रज्ञांच्या मते, आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. आपली भूमी तिथून केव्हाच पुढे सरकली. भूकंपानंतर हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी इथे 617 मीटर खोल भोक पाडले. वरचे 338 मीटर लाव्ह्याचे थर निघाले आणि तळाशी अडीचशे कोटी वर्षांहून जुना खडक.

स्मृतिस्तंभापाशी पोरांनी दुआसाठी हात उचलले. गेलेल्यांत कोण कोणत्या धर्माचा, हे कोणी विचारले नाही. दगडानेही विचारले नव्हते.

आपल्यात मय्यतीला तीन मुठी माती देतात. ती माती याच लाव्ह्याची असते आणि कबर खोदणाऱ्याची कुदळ याच मुरमावर अडते. आमच्या आजोबांना याच मातीने झाकले, शेजारच्या पाटलांच्या घराचा पायाही याच कातळावर आहे. मूळचे कुठले, याचे उत्तर आमच्या पोरांनी त्या दिवशी हाताने चाचपून पाहिले. ते उर्दूतून द्यावे की मराठीतून, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

पुढच्या वर्षी देगलूरकडे जायचे आहे. तिथे हा काळा खडक संपतो आणि ग्रॅनाइट सुरू होतो. आपला ज्वालामुखी कुठवर आला होता, ती कड पोरांना पाहायची आहे.