परके कोकरू, आपला पान्हा

फलटणजवळच्या एका शेतात धनगराचा वाडा उतरला होता. रात्रीतून वाघरीच्या जाळ्याआड दोन मेंढ्या व्यायल्या. एकीला जुळी झाली. दुसरीचे एकुलते कोकरू मात्र उजाडायच्या आत मेले. जुळ्यांची आई एकाला चाटत होती. दुसरे कासेजवळ आले की ढुशी देऊन दूर लोटत होती. पलीकडे दुसरी मेंढी, कास तट्ट भरलेली, मेलेल्या पिलाला पुन्हा पुन्हा हुंगत ओरडत होती.

इकडे आईवाचून लेकरू, तिकडे लेकरावाचून आई. मग एकाला दुसरीकडे द्यावे, इतके सोपे! पण मेंढीला हा हिशेब पटत नाही. व्याल्यानंतरच्या पहिल्या तास-दोन तासांत ती पिलाला चाटते आणि त्याचा वास कायमचा मनात साठवते. त्यानंतर तो वास नसलेले पिलू तिच्या लेखी परके. कोकराला तर पहिल्या काही तासांतच चीक मिळायला हवा. रोगांशी झुंजण्याचे बळ त्यातूनच येते. थांबायला वेळ नसतो.

वाड्यावरच्या म्हातारीने मेलेल्या कोकराचे कातडे सोडवले, पायांसाठी भोके ठेवली आणि अंगरखा घालावा तसे ते उपाशी कोकरावर चढवले. शेपटीचा भाग नीट झाकला, कारण पिलू पिऊ लागले की मेंढी नेमकी तिथेच हुंगते.

नवी सून तोंड फिरवून उभी होती. “आत्या, फसवायचं व्हय तिला?”

“फसवत न्हाई बाई, वळख घालून देतोय,” म्हातारी म्हणाली.

ही युक्ती काही एका वाड्याची नाही. युरोपातले मेंढपाळही तीच वापरत आले आहेत. मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून गाईला पान्हा फोडणारे आपले गवळीही याच वाटेचे. मेंढी नुकतीच व्याली असेल, तर तिच्याच वारेचे पाणी परक्या कोकराला चोळूनही काम भागते. काहीच साधले नाही, तर कळपातल्या शेळीचे दूध असतेच.

दख्खनी मेंढीला सहसा एकच कोकरू होते. तीन-चार महिन्यांची कोकरे विकूनच धनगराचा संसार चालतो. म्हणून एकेक जीव मोलाचा. याच विचाराने फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत इरावती कर्वे यांची नात डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुंदरबनातल्या चिमुकल्या गरोल मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणला. त्या मेंढीचे नाव ‘नारी सुवर्णा’. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालची मेंढरे कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियात गेली. तिथल्या बुरूला मेरिनोतही पुढे हेच जनुक सापडले. मात्र जुळी आली, की दुधाचा प्रश्नही आला. दोन तोंडांना एक कास पुरली नाही, तर जादा खुराक द्यावा लागतो, नाहीतर दुसरी आई शोधावी लागते. जन्म देणारे जनुक पिलाला पाजत नाही. तिथे माणसाचा हातच लागतो.

त्या सकाळी मेंढीने आधी पाय आपटला. मग शेपटीजवळ नाक नेले. बराच वेळ हुंगले आणि हळूच घशातल्या घशात आवाज केला. कोकराने कास धरली. शेपटी थरथर हलू लागली.

दोन-तीन दिवस सून येता-जाता तिकडेच बघत होती. तोवर मेंढीचे दूध कोकराच्या अंगात मुरले आणि त्याचा वासही तिच्या ओळखीचा झाला. मग म्हातारीने ते वाळलेले कातडे कापून काढले. मेंढीने उघड्या पिलाला हुंगले, क्षणभर थांबली आणि चाटू लागली.

सुनेनेच ते कातडे उचलून लांब नेऊन पुरले. आता त्याची गरज उरली नव्हती.