मागचा शॉकअप आणि तात्यांची एकादशी

आषाढीला आपण पायी चालतो. पण महिन्याच्या वारीला आता आपल्यातले किती जण पायी जातात? कोणी एस.टी.ने, कोणी जीपने, आणि पुष्कळसे दुचाकीवर. शुद्ध एकादशीच्या सकाळी वाखरीच्या रस्त्याकडेला घटकाभर उभे राहून पाहा. पुढे मुलगा किंवा पुतण्या, मागे धोतराचा सोगा सावरून बसलेले म्हातारबाबा, दोघांच्या मध्ये पिशवीत टाळ. गाड्या बहुतेक शंभर सीसीच्या, पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या. त्यातली एखादी पुढून मान वर करून आणि मागून खाली टेकून चाललेली दिसेल. आमच्याकडे अशा गाडीला ‘बसलेली गाडी’ म्हणतात. तिच्यावर मागे बसणाऱ्याचे काय होते, त्याविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे.

आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, गावच्या भजनी मंडळाचे वीणेकरी. वय ७८. सप्ताहात वीणा खाली टेकत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. रात्री दोनचा पहारा या वयातही ते दुसऱ्याला देत नाहीत. वेळापूरच्या अलीकडे आमचे गाव. पंढरपूर तिथून चाळीस किलोमीटरच्या आत. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून दर शुद्ध एकादशीला ते माझ्या गाडीवर मागे बसून येतात. पालखी महामार्ग झाल्यापासून मोठा रस्ता उत्तम आहे. पण गावापासून त्या रस्त्याला लागेपर्यंतचे चार किलोमीटर म्हणजे खड्ड्यांची माळच.

गेल्या वर्षी भाद्रपदातल्या एकादशीहून परतल्यावर ते दोन दिवस अंथरुणावरून उठले नाहीत. डॉक्टरांनी मणक्यात झीज असल्याचे सांगितले आणि हादरे टाळायला सांगितले. तात्यांनी त्याचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. एका संध्याकाळी ओट्यावर वीणेची तार पुसता पुसता म्हणाले, “पुढच्या बारीला तू जाऊन ये. माझा नमस्कार सांग. शरीरानं हिशेब दिला आता.”

घरात कोणी काही बोलले नाही. ७८ वर्षांचा माणूस थकलो म्हणतो, त्यावर वाद काय घालणार? पण एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. हेच तात्या पुतणीच्या गाडीवर बसून तालुक्याला जाऊन आले, तेव्हा त्यांची तक्रार नव्हती. शरीर तेच आणि खड्डेही तेच. फक्त गाडी वेगळी होती.

म्हणून आधी गाडी तपासायला घेतली. ही तपासणी तुम्हालाही घरी करता येईल. लागते फक्त एक टेप आणि मदतीला दोन माणसे. गाडी डबल स्टँडवर घ्यायची, मागचे चाक अधांतरी असले पाहिजे. चाकाच्या आसापासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर मोजायचे. मग गाडी स्टँडवरून काढून तेच अंतर पुन्हा मोजायचे. नंतर चालवणारा बसल्यावर, शेवटी दोघे बसल्यावर. पहिल्या मापातून पुढची मापे वजा केली की गाडी कशाने किती बसते ते कळते. आमची गाडी नुसत्या स्वतःच्या वजनाने ३० मिलिमीटर बसत होती, मी बसल्यावर ५२, आणि तात्या मागे बसल्यावर ८०. अशा गाडीच्या मागच्या चाकाला वर जायला एकंदर जागाच साधारण ९० मिलिमीटर असते. म्हणजे खड्डा यायच्या आधीच जवळजवळ सगळी जागा संपलेली! खड्डा आला की शॉकअप तळाला आपटायचा आणि उरलेला धक्का सरळ तात्यांच्या मणक्यात जायचा. एकट्या स्वाराच्या वजनाने यातली चौथा ते तिसरा हिस्सा जागा जावी, फार तर, बाकीची रस्त्यासाठी राखून ठेवायची, असा साधा हिशेब आहे.

दुसरी परीक्षा त्याहून सोपी. सीटच्या मागच्या टोकावर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी दाबायची आणि एकदम सोडायची. चांगली गाडी वर येते आणि एका हेलकाव्यात थांबते. आमची तीन वेळा वर-खाली झाली. बसून पाहिले तर डाव्या शॉकअपच्या दांडीवर तेल ओघळून त्यावर धूळ बसली होती.

शॉकअपमध्ये दोन कामे करणारी दोन अंगे असतात, आणि लोक त्यांची गल्लत करतात. बाहेरची स्प्रिंग भार घेते. आतल्या नळकांड्यातले तेल बारीक छिद्रांतून इकडून तिकडे जाताना स्प्रिंगची उसळी शांत करते. स्प्रिंग बसली तर गाडी खाली टेकते. तेल गेले तर गाडी नाचते. आमच्या गाडीचे दोन्ही झाले होते.

स्प्रिंगखाली पायऱ्यांची एक चकती असते. हूक पान्याने ती फिरवली की गाडी मागून वर उचलते. बहुतेकांना वाटते की त्यामुळे स्प्रिंग कडक होते. तसे नाही. स्प्रिंगचा ताठपणा असतो तेवढाच राहतो. फक्त तिला आधीच थोडे दाबून ठेवल्यामुळे सुरुवात वरून होते. पखवाजाचे उदाहरण घ्या. गट्टे ठोकून पुडी चढवता येते, सूर जुळवता येतो. पण फाटलेली पुडी गट्टे ठोकून सांधत नाही. आमची चकती आधीच शेवटच्या पायरीवर होती. पुढे चढवायला काही उरले नव्हते.

मग मिस्त्री. आमच्या नाक्यावरच्या मिस्त्रींनी तीन उपाय पुढे ठेवले. पहिला, जुन्या स्प्रिंगचा एक वेढा कापून या स्प्रिंगच्या डोक्यावर टेकू म्हणून बसवायचा, खर्च चहापाण्याइतका. गाडी वर उचलली जाते खरी, पण मोठ्या खड्ड्यात स्प्रिंगचे वेढे लवकर एकमेकांना भिडतात, आणि गळलेले तेल गळलेलेच राहते. दुसरा, मोठ्या गाडीचे जाड शॉकअप. भाजीचे क्रेट वाहणाऱ्याला ते चालतील. ५५ किलोच्या तात्यांना ते दाबलेच जाणार नाहीत, लाकडी बाकावर बसल्यासारखे होईल. तिसरा, त्याच गाडीचे नवे शॉकअप, आणि तेही दोन्ही. डावा गळतो म्हणून एकटा डावा बदलायचा विचार कोणी करू नये. एक बाजू ताजी आणि एक थकलेली असली की गाडी वळणावर तिरकी ओढते. मी तिसरा उपाय घेतला. जोडीला दोन हजारांच्या आत गेले.

बसवणे अर्ध्या तासाचे काम. गाडी डबल स्टँडवर, एका वेळी एकच बाजू खोलायची, म्हणजे दुसऱ्या बाजूने चिमटा धरून राहतो. वरचा टोपीचा नट, खालचा बोल्ट, काढलेले वॉशर त्याच क्रमाने परत. चिमटा आडवा हलवून त्याचे बूश ढिले नाहीत ना, हेही मिस्त्रींनी तेव्हाच पाहून घेतले. ते झिजले असतील तर नवे शॉकअप घालूनही मागचे चाक डुलते.

त्यानंतरची तीन कामे लोक विसरतात. मागून गाडी उचलली की साखळीचा ढील बदलतो, तो पुस्तकाप्रमाणे पुन्हा लावायचा. दिव्याचा झोत खाली येतो. आमचा तर इतके दिवस समोरच्याच्या डोळ्यांत जात होता, तो आपोआप रस्त्यावर आला. आणि मागच्या चाकाची हवा. एकट्यासाठी आणि दोघांसाठी तिचे आकडे वेगळे असतात, बहुधा साखळीच्या कव्हरवर चिकटवलेले.

पुन्हा मापे घेतली. नुसती गाडी १०, मी बसल्यावर ३०. पायरी चौथ्यावर नेऊन दोघे बसलो तेव्हा ५०. मी बसल्याने गाडी आणखी किती दबते हे जुन्या-नव्याचे ताडून पाहा: तेव्हा २२, आता २०. म्हणजे जुनी स्प्रिंग फारशी मऊ झालीच नव्हती, आखूड झाली होती. भार पूर्वीइतकाच पेलत होती. मात्र इतकी खाली बसून की धक्क्याला जागा उरत नव्हती. हे पाहून मी तात्यांकडे बघितले. ते टेपचे दुसरे टोक धरून उभे होते. म्हणाले, “म्हंजी हिचं दुखणं मी माझ्या नावावर मांडत होतो व्हय?”

सगळेच गाडीचे नव्हते, हेही सांगायला हवे. मणक्याची झीज आहेच. आता ते कमरेला पट्टा बांधतात, सीटवर घडी केलेले घोंगडे असते, आणि गावचे चार किलोमीटर मी विसाच्या वेगाने काढतो. कार्तिकीच्या गर्दीत डॉक्टरांनी जाऊ दिले नाही. त्या दिवशी ते ओट्यावर वीणा घेऊन उभे होते, आणि मला एकट्याला जावे लागले. मार्गशीर्षाच्या एकादशीला मात्र पहाटे चारला माझ्या दारात त्यांचाच आवाज आला. भंडीशेगावला चहाला थांबलो तेव्हा माझा आधार न घेता उतरले, आणि हॉटेलवाल्याशी दूध पातळ असल्यावरून भांडले.

नट पाचशे किलोमीटरनंतर एकदा आवळून घेतले. हूक पाना आता साइड कव्हरच्या आत असतो. एकटा शेतावर जाताना दुसरी पायरी, तात्या बसणार असतील तर आदल्या रात्री चौथी. दशमीच्या संध्याकाळी ते स्वतः चष्मा लावून वाकतात आणि दोन्ही बाजूंच्या पायऱ्या मोजतात.