देवीचं सासर

मैत्रिणींनो, माहेरची माणसं लेकीच्या घरी कशी वागतात ते मी तुम्हांला काय सांगायचं? दारात पाऊल टाकताच लेकीला जवळ घेतील, पण फडताळातला डबा विचारल्याशिवाय उघडणार नाहीत. तिच्या घरची रीत वेगळी दिसली, तर ‘आमच्याकडे बाई असं नसतं’ हे वाक्य ओठांवर आलं तरी गिळून टाकतील. परदेशातली जुनी हिंदू देवळं बघायला जाताना हीच रीत पाळावी, असं जावा बेट पाहून आल्यापासून मला वाटू लागलं आहे. का, ते सांगते.

इंडोनेशियातल्या जावा बेटावर योग्याकार्ता नावाचं शहर आहे. तिथले लोक नुसतं ‘जोग्जा’ म्हणतात. इथे मुक्काम ठेवला की सकाळी निघून संध्याकाळी परत, अशा सहली छान होतात. सामानाची उचलाउचल नाही, आणि बरोबर वडीलधारी असतील तर त्यांना दुपारी उशिरा का होईना, पाठ टेकायला मिळते. आमच्याबरोबर सासूबाई होत्या, वय चौऱ्याहत्तर.

शहरापासून साधारण १७ किलोमीटरवर प्रंबानन आहे. जुन्या देवळाला तिकडे ‘चंडी’ म्हणतात, मग ते हिंदूंचं असो की बौद्धांचं. इ. स. ८५६ च्या एका शिलालेखात शिवालयाचं वर्णन आहे. ते याच जागेचं, असं अभ्यासक मानतात. मधलं शंकराचं देऊळ ४७ मीटर उंच. मान मागे टाकून बघावं लागतं! दोन अंगांना ब्रह्मा आणि विष्णू, समोर वाहनांची देवळं, आणि सगळी लहानमोठी मिळून मुळात २४०. त्यातली बरीचशी आजही दगडांच्या ढिगांत पडून आहेत.

दहाव्या शतकात राजधानी पूर्व जावात गेली आणि इथे सामसूम झाली. भूकंपांनी शिखरं कोसळली. डच अमदानीत दगड जुळवायचं काम सुरू झालं, ते स्वतंत्र इंडोनेशियाने पुढे नेलं. शंकराचं देऊळ १९५३ साली पुरं उभं राहिलं. २००६ च्या मे महिन्यात भूकंपाने पुन्हा नुकसान केलं, तेही त्यांनी निस्तरलं. आणि हे करणारा देश बहुसंख्य मुसलमानांचा बरं का! आपली मोडलेली घडी बसवायला किती जीव जातो, ते आपण जाणतो. इथे तर एकेक दगड कुठला, हे शोधून बसवायचं होतं.

आमची गाइड डोक्याला रुमाल बांधलेली, तिशीतली मुसलमान बाई होती. शंकराच्या देवळाच्या कठड्यावर आतल्या बाजूने रामायण कोरलं आहे. प्रदक्षिणा घालत जायचं, की गोष्ट पुढे सरकते. सेतू बांधण्यापर्यंतचा भाग इथे, पुढचा ब्रह्मदेवाच्या देवळावर. ती इतकी रंगून सांगत होती, की आजीने नातवंडांना सांगावं. सीतेला ती ‘शिंता’ म्हणे. आमचे चिरंजीव ‘सीता’ म्हणून दुरुस्त करायला निघाले, तर सासूबाईंनी नुसत्या डोळ्यांनी त्याला गप्प बसवलं. मागाहून म्हणाल्या, “तिच्या घरी तिची हाक. आपण कोण सांगणार?”

उत्तरेच्या गाभाऱ्यात दुर्गा आहे, महिषासुरमर्दिनी. आठ हातांची, महिषावर उभी, एका हातात त्याची शेपटी आणि दुसऱ्यात असुराचे केस. आम्ही हात जोडले, आणि गाइड म्हणाली, “ही रोरो जोंगरांग.” म्हणजे सडपातळ कुमारिका. गावची गोष्ट अशी. बांडुंग बोंडोवोसो नावाच्या वीराने हिच्या बापाला मारलं आणि हिलाच मागणी घातली. ही म्हणाली, एका रात्रीत हजार देवळं बांध. त्याने भुतंखेतं कामाला लावली. ९९९ झाली की हो! तेव्हा हिने गावच्या बायकांना उठवलं. त्यांनी उखळात भात कांडायला घेतला, पूर्वेला जाळ पेटवला. पहाट झाली असं वाटून कोंबडे आरवले, भुतं पळाली. चिडून त्याने हिचाच दगड केला. तीच ही मूर्ती!

मला त्यातल्या कांडणाऱ्या बायका फार आवडल्या. अर्ध्या रात्री कुणी मदतीला हाक मारली, तर मुसळ घेऊन येणाऱ्या अशा शेजारणी आपल्याही ओळखीच्या आहेत.

पण सासूबाई वेगळ्याच विचारात होत्या. “म्हणजे हिचंही नाव बदललं तर,” म्हणाल्या. त्यांच्या लग्नात तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं होतं. माहेरच्या नावाने त्यांना हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ते नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी त्या गाभाऱ्यात त्यांनी ते सांगितलं. मी काय बोलणार? हात धरून उभी राहिले.

त्यांनी घरून एक खण आणला होता, ओटीसाठी. माहेरचं कुणी आलं तर लेकीला रिकाम्या ओटीने कसं ठेवायचं? पण आधी गाइडला विचारलं. मूर्तीवर काही ठेवू नका, ती म्हणाली. सासूबाईंनी वाद घातला नाही, की तोंड पाडलं नाही. मनातल्या मनात ओटी भरली, आणि बाहेर आल्यावर खण त्या गाइडच्याच हातात दिला. ‘तुझ्या मुलीला झबलं शिव.’ कुंकू लावायला मात्र हात पुढे केला नाही.

आणि देवीची तिथे आबाळ आहे असंही समजू नका. इंडोनेशियातले हिंदू त्यांच्या न्येपी सणाच्या आदल्या दिवशी प्रंबाननला मोठी पूजा करतात. शिवाय १९६१ पासून इथे उघड्या रंगमंचावर रामायणाचा नाच होतो. रोजची आरती नसली, तरी सासरी विचारपूस आहे.

आता थोडं उपयोगाचं. सकाळी लवकर पोचा; उन्हं चढली की दगड तापतो. पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत, तेव्हा गुडघेदुखी असेल तर सगळ्या देवळांवर चढायचा हट्ट नको. साडी असेल तर ती चापूनचोपून नेसा. गाभारे अंधारे, एक छोटी बॅटरी ठेवा. शाकाहारी असाल तर जेवण मागवताना ‘तेरासी’ आहे का विचारा. ती आंबवलेल्या कोळंबीची असते आणि चटण्यांत सर्रास घालतात. परतताना सांबिसारी बघा. हे छोटं शिवालय ज्वालामुखीच्या राखेखाली पार गाडलं गेलं होतं. १९६६ साली एका शेतकऱ्याला शेतात त्याचा दगड लागला. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ते साडेसहा मीटर खाली आहे, म्हणजे पायऱ्या उतरून देवाकडे जायचं. प्रंबाननला चढवलं नाही त्या गुडघ्यांना उतरणंही जड जाईल. पण वरच्या काठावर बसूनही ते सगळं दिसतं. सासूबाई तिथेच बसल्या होत्या.

तुम्ही गेलात, तर ‘हे सगळं आपलंच’ असं म्हणण्याआधी एवढं विचारा, की तुम्ही हिला काय म्हणता? मग ऐकत बसा. त्यांच्याकडे सांगायला पुष्कळ आहे.