दारावरची वाणी



दार हा आपल्या संप्रदायाच्या जिव्हाळ्याचा विषय. हरिपाठाचा आरंभच देवाच्या दारात क्षणभर उभे राहण्याच्या महिम्याने होतो. पण त्याच पंढरीच्या दाराबाहेर चोखोबांना आयुष्यभर उभे राहावे लागले. आज महाद्वारासमोर त्यांच्या समाधीला हात जोडून आपण आत जातो. ते दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले होते. तेव्हा दारात आलेल्याशी कसे बोलावे, हा विषय आपल्याला परका नाही.

वयोमानाने कीर्तने थांबल्यापासून मी पिंपरी-चिंचवडला मुलाकडे बारा मजली इमारतीत राहतो. एकादशीला घरीच चार टाळकरी जमवून भजन करतो. इमारतीत शिरताच एक टेबल लागते. त्यावर रजिस्टर, फोन आणि मागे खुर्चीत एक तरुण. आलेल्याचे नाव लिहावे, वर फोन करून विचारावे आणि सोडावे, एवढेच त्याचे काम. पण माणूस पाहून त्याची जीभ बदले. मोटारीतून उतरणाऱ्याला सलाम. धुणीभांडी करणाऱ्या बायकांना, सामान पोचवणाऱ्या पोरांना अरेतुरे आणि शिव्या.

एका एकादशीला माझे पखवाजी आले. चाळीस वर्षांची साथ. अंगात बंडी, मळकट धोतर, खांद्यावर पखवाज. त्यांना चारचौघांत ऐकावे लागले, "ए म्हाताऱ्या, भीक मागायला इथं यायचं नाही." ते आल्या पावली परतले. संध्याकाळी फोनवर एवढेच म्हणाले, "बुवा, आता तिकडं येणं नको."

मुलगा म्हणाला, "आप्पा, सोडून द्या. सोसावं असंच तुम्ही कीर्तनात सांगत आलात ना?"

प्रश्न रास्त होता. मी त्याला नाथबाबांच्या दोन कथा सांगितल्या. पैठणला एक जण अंगावर थुंकत राहिला आणि नाथ पुन्हा पुन्हा गोदेत स्नान करून आले, रागावले नाहीत. ही कथा सर्वांना पाठ असते. पण तापलेल्या वाळवंटात अस्पृश्याचे पोर रडताना दिसले, तेव्हा त्याच नाथांनी लोक काय म्हणतील हे न पाहता त्याला उचलून कडेवर घेतले. थुंकी स्वतःच्या अंगावर होती, ती सोसली. चटका दुसऱ्याच्या पायाला बसत होता, तिथे ते थांबले नाहीत. दोन्ही कथा एकत्र सांगितल्या तरच क्षमेचा अर्थ पुरा होतो.

आधी मी त्या तरुणाशी एकांतात बोललो. "तुमचं काम बघा," म्हणाला. मग वही केली. दिवस, वेळ, नेमके शब्द, ऐकणारे कोण. कामवाल्या बायकांना काम जाण्याची धास्ती होती, म्हणून त्यांची नावे कुठेही घातली नाहीत. स्वतः ऐकले तेवढेच लिहिले. सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज दिला, पोच घेतली. खाली आणखी तीन सभासदांनी सह्या केल्या.

चौकशीत कळले की तो एजन्सीचा माणूस. बारा तासांची ड्युटी; बदली माणूस आला नाही की तोच पुढे रात्रही काढी. अर्जात तेही लिहिले. त्याला काढा, असे लिहिले नाही. थकवा खरा होता, म्हणून शिवी माफ होत नाही. आणि शिवी खरी होती, म्हणून त्याचा थकवा खोटा ठरत नाही.

कमिटीने एजन्सीच्या सुपरवायझरला बोलावले. अपशब्द चालणार नाहीत आणि बदली माणूस वेळेवर आला पाहिजे, या दोन्ही गोष्टी लेखी ठरल्या. कार्तिकीला मी स्वतः पखवाजींच्या घरी जाऊन त्यांना घेऊन आलो. तरुण हसला नाही, पण रजिस्टर पुढे करून म्हणाला, "काका, नाव सांगा." त्या रात्री भजनाला पखवाज होता.

पसायदानात माउलींनी दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्या मनातला वाकडेपणा जावा, एवढेच मागितले. ते मागणे नुसते म्हणायचे नसते, त्यासाठी कधी अर्जही लिहावा लागतो. तुमच्या इमारतीच्या दारात कोणी गरीब बोलणी खात असेल, तर जिना चढून निघून जाऊ नका. त्याच्या शेजारी उभे राहा. आणि टेबलामागच्या माणसालाही माउली म्हणा. दिंडीत आपण कोणाची जात, कोणाचा हुद्दा विचारून पाया पडत नाही.