गुद्रीद का गायली?

व्हायकिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पिंजारलेली दाढी, हातात कुऱ्हाड आणि डोक्यावर शिंगांचं शिरस्त्राण. मित्रांनो, ती शिंगं खोटी आहेत! १८७६ साली जर्मनीत वाग्नरच्या संगीतनाटकांच्या वेशभूषेत ती आली आणि तिथून जगभर पसरली. हे मला कळलं तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होतो, सबमिशन तोंडावर आलं होतं आणि मी जर्नल्स बाजूला सारून एका कथास्पर्धेसाठी व्हायकिंगांवर ऐतिहासिक कथा लिहीत होतो. शिंगं काढून टाकणं सोपं होतं. अडलो तो जादूपाशी.

प्रसंग मी 'तांबड्या एरिकची सागा' या पुस्तकातून घेतला होता. ही सागा आइसलंडमध्ये १३ व्या शतकात लिहिली गेली, पण प्रसंग आहे इ.स. १००० च्या आसपासचा, ग्रीनलंडमधला. हिवाळा आहे, अन्नाची टंचाई आहे. शिकारीला गेलेल्यांच्या हाती फारसं काही लागलेलं नाही, काही जण तर परतलेच नाहीत. हे दिवस कधी संपणार, ते विचारायला थोर्केल नावाचा मोठा शेतकरी थोर्ब्योर्गला घरी बोलावतो. ती 'व्होल्वा', म्हणजे हातात काठी घेऊन गावोगाव फिरणारी, भविष्य सांगणारी बाई. तिच्या अंगावर खडे जडवलेला झगा, हातात मांजराच्या कातड्याचे मोजे. बसायला कोंबडीच्या पिसांची उशी. दुसऱ्या दिवशी ती म्हणते, विधीसाठी एक गाणं लागतं, ते कुणाला येतं? ते येत असतं फक्त गुद्रीद नावाच्या तरुणीला. लहानपणी तिला सांभाळणाऱ्या बाईनं शिकवलेलं. पण गुद्रीद आता ख्रिस्ती आहे. असल्या गोष्टीत तिला भाग घ्यायचा नाही. तिचे वडील तर विधी संपेपर्यंत त्या घरात थांबायलाही तयार नसतात.

पहिल्या खर्ड्यात मी थोर्ब्योर्गला सरळ भोंदू करून टाकलं. खलाशांकडून हवामानाची बातमी आधीच काढते, मग डोळे फिरवून तीच सांगते, पोटभर जेवते आणि निघून जाते. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी दुसरं काय लिहिणार? रूम पार्टनरला वाचायला दिलं. तो बुलढाणा जिल्ह्यातला, घरी कोरडवाहू शेती. त्यानं वाचलं आणि विचारलं, "ही बाई ढोंगी आहे हे तुला माहीत आहे. पण तिला माहीत आहे का?"

मला उत्तर सुचेना. मग तो म्हणाला, येत्या अक्षय तृतीयेला त्याचे वडील भेंडवळला जाणार आहेत. तिथे घटमांडणी असते. शेतात गोलाकार अठरा धान्यं मांडतात, मध्ये घट ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यात काय बदल झाला ते पाहून पावसापाण्याचं आणि पिकाचं भाकीत सांगतात. मी हसलो. नुसता हसलो नाही, "सॅटेलाइटच्या जमान्यात?" असंही म्हणालो. त्यानं वही माझ्या कॉटवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. चार दिवस आम्ही एकाच खोलीत राहून मेसमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर जेवलो.

त्या चार दिवसांत मी दुसरा खर्डा लिहिला, प्रायश्चित्त म्हणून. यात जादू अगदी खरी! निळा उजेड, दारं धडाधड उघडताहेत, हवेत भुतं. तो पहिल्यापेक्षा वाईट निघाला. पहिल्यात ती माणसं मूर्ख होती, दुसऱ्यात ती माणसंच उरली नाहीत, सगळा सिनेमा झाला.

मग पुन्हा वाचायला बसलो. डेन्मार्कमध्ये फिरकात इथे दहाव्या शतकातल्या एका स्त्रीची कबर सापडली आहे. तिच्याजवळ एक धातूची काठी होती आणि खुरासानी ओव्याच्या बिया. या बियांनी भास होतात. म्हणजे अशा बायका नुसत्या कथेतल्या नव्हत्या, आणि त्यांच्याकडे त्यांच्या धंद्याचं सामान होतं. एगिलच्या सागेत तर एका आजारी मुलीच्या बिछान्यात देवमाशाच्या हाडावर कोरलेली रून अक्षरं सापडतात. ती कुणीतरी चुकीची कोरलेली असतात, म्हणून मुलगी जास्तच आजारी पडते. एगिल ती खरवडून, जाळून, नवीन कोरतो आणि मग ती बरी होते. मला आमचं प्रोग्रॅमिंगचं प्रॅक्टिकल आठवलं! त्यांच्या दृष्टीनं जादू म्हणजे चमत्कार नव्हता, ते शिकून करायचं काम होतं, आणि अर्धवट येत असेल तर करू नये असं काम.

तिसरा खर्डा मी गुद्रीदच्या नजरेतून लिहिला. भुतं आली की नाही, ते मी सांगितलंच नाही. फक्त तिला समोर काय दिसतं ते लिहिलं: उपाशी पोरं, कडं करून उभ्या राहिलेल्या बायका, "एवढं कर" म्हणून मागे लागलेला यजमान आणि वडिलांची रिकामी जागा. ती गाते. सागेत त्या गाण्याचे शब्द दिलेले नाहीत. मी आधी हौसेनं रचले होते, तेही खोडले. सागा लिहिणारा ख्रिस्ती काळातला. पण त्यानं त्या बाईची टिंगल केली नाही आणि तिची बाजूही घेतली नाही. इतकं मला जमलं तरी पुरे, असं वाटलं.

बक्षीस मिळालं नाही. पण पार्टनरनं वही मागून घेतली आणि पाचव्या दिवशी आम्ही एका टेबलावर जेवलो. मी त्याला "सॉरी" म्हणालो. त्यानं माझ्या ताटातला पापड उचलला. म्हणजे मिटलं.

घटमांडणी झाली त्या आठवड्यात त्यानं फोनवरून वडिलांना ती गोष्ट सांगितली. मी कान देऊन ऐकत होतो. आता ते विचारतील की ती बाई खरी होती का खोटी, आणि मी काय उत्तर देणार? त्यांनी एकच विचारलं, "मंग निभलं का त्या लोकाइचं?"

पार्टनरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सागेत लिहिलंय की लवकरच हवामान सुधारलं.

"बरं झालं मंग," ते म्हणाले.