नावे की जमा?

कार्तिकी पौर्णिमा उलटली की साधू-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात. पावसाळ्यात भूमीवर सूक्ष्म जीवसृष्टी वाढते, पावलागणिक हिंसेचा दोष लागतो. म्हणून चार महिने एका स्थानी स्थिर राहावे आणि आकाश निवळल्यावर पुन्हा मार्गस्थ व्हावे, असा हा प्राचीन दंडक. २०१७ साली ही पौर्णिमा ४ नोव्हेंबरला आली. त्यानंतर काही आठवड्यांनी कल्याणच्या एका धान्यव्यापारी कुटुंबातील दोन चुलत भावांनी घरी विषय काढला. चिंचणीपासून झाईपर्यंत समुद्रकाठाने पायी जायचे. चार दिवस, पाठीवर एकेक पिशवी आणि दोघांत मिळून दीड हजार रुपये.

घरातील बायकांनी काळजी केली, वडिलांनी दुकानातील कामाची आठवण करून दिली. आजोबा मात्र प्रसन्न झाले. तरुणपणी याच पट्ट्यात त्यांनी कापडाचे गाठोडे खांद्यावर घेऊन फेरी केली होती. पुढे त्यांनी दिग्व्रत घेतले, प्रत्येक दिशेला जाण्याची मर्यादा आखून घेतली आणि तो किनारा त्या मर्यादेबाहेर राहिला. नातवंडांना त्यांनी तीन अटी घातल्या. सूर्यास्तापूर्वी अन्नपाणी आटोपायचे. पाणी गाळून, उकळूनच प्यायचे. आणि रोज झोपण्यापूर्वी हिशेब लिहायचा, पैचा फरक राहता कामा नये. "पाठीवर मावेल तेवढाच परिग्रह," ते हसून म्हणाले, "ही सवय लागली तर सहल वसूल झाली."

थोरल्याकडे येत्या पाडव्यापासून दुकानाचा गल्ला येणार होता. त्यामुळे खर्चाची सूत्रे त्याने आपल्या हाती घेतली. पिशव्यांवर घालायचे प्लास्टिकचे आच्छादन धाकट्याने मागितले, तेव्हा त्याने ते नाकारले. डिसेंबरात कसला पाऊस? ऐंशी रुपये वाचले.

सोमवारी, ४ डिसेंबरला, वाणगाव स्थानकावर उतरून ते चिंचणीला पोहोचले. ज्या परिचित व्यापाऱ्याच्या घरी मुक्काम ठरला होता, त्यांनी त्यांना गाव दाखविले. दागिन्यांचे साचे, म्हणजे डाय, कोरण्याची कला या परिसरात घरोघरी नांदत आली आहे. मोठमोठ्या पेढ्यांतील अलंकारांची नक्षी अशा पोलादी ठोकळ्यांवर आधी उमटते. गृहस्थांनी आणखी एक गोष्ट सांगितली. विसाव्या शतकाच्या मध्यास याच चिंचणीत काही ताम्रपट सापडले आणि दिनेशचंद्र सरकार यांनी ते 'एपिग्राफिया इंडिका'त प्रसिद्ध केले. त्यांतील एक शके ८४८चा, म्हणजे इ. स. ९२६चा. तेव्हा राज्य होते राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या इंद्राचे. आचार्य जिनसेनांचा शिष्य म्हणून जैन समाजाला परिचित असलेल्या अमोघवर्षाचा हा पणतू. त्याच्या वतीने संजाण प्रदेशाचा कारभार मधुमती नावाचा अधिकारी पाहत होता. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप. तो ताजिक, म्हणजे अरब होता. या ताम्रपटात नोंद आहे ती नद्यांवरील विनामूल्य नावेची आणि एका अन्नसत्राची. वाटसरूला तेथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळत असे, मोबदला न घेता.

"हजार वर्षांपूर्वी तुम्ही आला असतात तर दीड हजारही लागले नसते," गृहस्थ म्हणाले. सगळे हसले.

त्याच संध्याकाळी पाऊस सुरू झाला. ओखी चक्रीवादळ दक्षिणेत केरळ, तमिळनाडू आणि लक्षद्वीपला तडाखा देऊन गुजरातच्या रोखाने सरकत होते. दक्षिणेतील शेकडो मच्छीमार समुद्रातून परतले नव्हते. मुंबईसह पालघर जिल्ह्यातील शाळांना मंगळवारी सुटी जाहीर झाली. गृहस्थांनी दोघांना थांबण्याचा आग्रह केला. पण थोरल्याच्या मनात हिशेब होता. एक दिवस वाढला तर पैसे पुरणार नाहीत, आणि दुसऱ्याच्या घरी फुकट किती राहायचे? पहाटे रिमझिम होती. ओहोटीमुळे ओली वाळू दूरवर उघडी पडली होती. ते निघाले.

वरोरपर्यंत वाट बरी गेली. होड्या वर ओढून बांधलेल्या होत्या. एका वृद्ध नाखव्याने त्यांना हटकले, "पुनवेचं उधाण अजून उतरलं नाही. दुपारच्या भरतीला इथं उभं राहायला जागा मिळायची नाही. वर रस्त्याला लागा." पौर्णिमा रविवारीच झाली होती. त्याचे बोलणे दुपारी अक्षरशः खरे ठरले. लाटा वाळू ओलांडून सुरूच्या झाडांपर्यंत आल्या आणि दोघे बांधाबांधाने, चिखल तुडवीत आत सरकले. वाऱ्याने छत्री उलटली. एका आडोशाला पिशव्या उघडल्या, तेव्हा खाखऱ्यांचा लगदा झालेला, भाजलेले पोहे भिजलेले आणि हिशेबाची वही चिकटलेली. ऐंशी रुपयांची बचत अशी फळाला आली.

वाढवणच्या खडकाळ किनाऱ्याजवळ पोहोचेपर्यंत पाच वाजून गेले. आकाश इतके काळवंडले होते की सूर्य कोठे आहे हे कळत नव्हते. घड्याळावरून अंदाज करावा लागे. सूर्यास्त सहाच्या सुमारास. सकाळपासून पोटात काही नव्हते. आता मिळाले नाही तर दुसऱ्या दिवशी नवकारशीपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. धाकट्याला हुडहुडी भरली होती. "औषध म्हणून घे काहीतरी, अंधार पडला तरी," थोरला म्हणाला. धाकट्याने मान हलविली. व्रत मोडायचे की भावाला तसेच ठेवायचे, हा प्रश्न थोरल्यापुढे आयुष्यात प्रथमच आला होता. तो आला होता त्याच्याच आकडेमोडीमुळे.

एका घराच्या पडवीत ते टेकले. अंगणात बांबूंच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील पावसाने कुजू लागले होते आणि पन्नाशीची एक बाई ते टोपलीत भरीत होती. वास असह्य होता. दोघे उठू लागले. बाईने पाहिले, क्षणभर निरखले आणि विचारले, "शेटजींची पोरं का रे तुम्ही?"

"हो, मावशी."

"मग आमच्या चुलीवरचं तुम्हाला चालायचं नाही." हे ती रागाने बोलली नाही. हात धुऊन ती शेजारी गेली आणि पूजेसाठी ठेवलेले कोरे पातेले घेऊन आली. तीन दगड मांडून तिने पडवीतच वेगळी चूल पेटविली. थोरल्याने गळण्यातून पाणी गाळले आणि उकळले. तिच्या मुलाने दुकानातून पोहे, गूळ आणि केळी आणली. पावणेसहाच्या आत दोघांचे खाणे-पिणे झाले. त्यानंतर तिने घोंगडी दिली आणि पुन्हा अंगणात गेली. टोपल्या भरणे बाकी होते. हंगामाची बरीच कमाई त्या दिवशी मातीत गेली होती.

त्या अंगणातील बोंबील आणि त्या बाईची करुणा यांचा मेळ कसा घालावा, हे धाकट्याला त्या रात्री उमगले नाही. ज्या व्यवसायाचे आपण कधी अनुमोदन करू शकत नाही, त्याच्या नुकसानीने आपले मन हळहळावे का? पण हळहळले, एवढे खरे.

सकाळी पाऊस ओसरला होता. वादळ गुजरातच्या किनाऱ्यावर पोहोचण्यापूर्वीच समुद्रात क्षीण झाले होते. थोरल्याने तीनशे रुपये पुढे केले. मावशींनी पोहे-केळ्यांचे साठ घेतले, बाकीचे परत केले. "पडवीचं भाडं नसतं रे," त्या म्हणाल्या. झाईचा बेत सोडून दोघे डहाणूला आले आणि गाडीने घरी परतले.

रात्री आजोबांसमोर वही उघडली. पाने सुकून कडक झाली होती. साठ रुपये खर्ची पडले होते. पडवी, घोंगडी, कोरे पातेले यांच्यापुढे रकाना रिकामा होता. "हे कुठे लिहायचे?" थोरल्याने विचारले. "पैसे गेले नाहीत, म्हणजे खर्च नाही. मग जमा?"

आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फेरीवर असताना मलाही असेच कोणी कोणी आसरा दिला. मी ते कधी लिहिले नाही, फुकट मिळाले म्हणून. चुकलेच माझे. आपल्या नावे लिही. देणे आहे ते." थोडे थांबून त्यांनी विचारले, "आणि ते ऐंशी रुपये?"

थोरल्याने तेही लिहिले, आपल्या नावे.

पुढे वाढवणला बंदर उभारण्याचे ठरले. सुमारे ७६,००० कोटींच्या त्या प्रकल्पाची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. ती बातमी वाचली तेव्हा थोरल्याला प्रथम आठवली ती पडवी. दुकानाचा गल्ला आता तोच सांभाळतो. गोदामाला लागून एक खोली त्याने मोकळी ठेवली आहे. तेथे कोरी भांडी, गळणे आणि घोंगड्या असतात. भर पावसात अडकलेला हमाल असो, गाडीवान असो वा अनोळखी वाटसरू, त्याला जात-धर्म न विचारता जागा मिळते. बारा व्रतांतील अखेरचे अतिथिसंविभाग त्याने पाठ केले होते लहानपणीच. दरवर्षी नवी वही पूजली जाते, तेव्हा पहिल्या पानावर वाढवणची ती बाकी तो पुढे ओढतो. ती अजून फिटलेली नाही.