रणवारमधले साखरेचे गुलाब

जुलैचा शनिवार, हाफ-डे आणि धो धो पाऊस. शहाण्या माणसाने घरी बसून भजी खावीत. मी मात्र क्रॉफर्ड मार्केटमधून केकच्या सामानाची पिशवी घेऊन वांद्र्याला निघालो होतो. मैत्रिणीचं लग्न आठ दिवसांवर, आणि केकवरची फुलं मीच करणार, असं सांगून बसलेलो!

हिल रोडची गर्दी मागे टाकून गल्लीत वळलं की रणवार. जुनं ईस्ट इंडियन गावठाण, लाकडी जिने, कौलं. आंटींचा पहिला धडा अस्सल मराठीत, "आधी हात धू."

पिठीसाखर, अंड्याचा पांढरा भाग आणि जराशी टायलोज पावडर. टायलोजमुळे गोळा ताणला तरी फाटत नाही. पाकळी इतकी पातळ लाटायची, की खालचा पेपर वाचता यावा. कड गोल टोकाच्या काडीने दाबली की ती आपसूक मुरडते. कळी मात्र आदल्या दिवशीची, वाळलेली हवी. ओलीवर पाकळ्या घसरतात. गुलाब खाता येतो, आतली तार नाही, बरं का!

चार तासांत पाच गुलाब. (एवढ्यात मी दोन प्रेझेंटेशन्स करतो.)

घरी आल्यावर जास्तीचं डोकं चालवलं आणि ते फ्रिजमध्ये ठेवले. रविवारी बाहेर काढले, तर त्यांना घाम फुटला. साखरच ती, ओल धरणारच. दुपारपर्यंत पाचांनीही माना टाकल्या.

"फ्रिजमध्ये? अरे देवा!" आंटी फोनवर हसतच सुटल्या. "मंगळवारी ये. कळ्या करून ठेवते. आणि हवाबंद डबा आण."

सोमवारी ऑफिसभर फिरून नव्या बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या गोळा केल्या. अकरा मिळाल्या.